घाड्याची सल्लागारी

सल्लागार व्हायचं मी ठरवलं ते कुणाच्याही सल्ल्यानं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. सल्ले नंतर आले, आणि इतके आले की मूळ बेत त्यांच्याखाली कुठं गाडला गेला तेच कळेना.

१९८६ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, मी दहावी पास झालो. तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपांना इंग्रजीनं धरून ठेवलं, तिसऱ्या वेळी तिलाच माझी दया आली असावी. तोपर्यंत मी सव्वीस वर्षं गिरणीत काढली होती, संपात गिरणी गेली होती, आणि मुलुंडच्या एका इमारतीच्या फाटकात स्टुलावर बसून मी वॉचमन म्हणून काम करत होतो. चाळिशीपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. कांजूरमार्गच्या आमच्या चाळीजवळ रात्रशाळा निघाली, तिथं मी बाराखडीपासून सुरुवात केली.

वाचता यायला लागल्यावर माणूस पहिल्यांदा काय वाचतो? लोक सांगतात, दुकानांच्या पाट्या, बसचे नंबर. मी घरातली ट्रंक उघडली आणि गावाहून दादानं वीस वर्षं पाठवलेली पत्रं वाचली. ही सगळी पत्रं मी आधी ऐकली होती. माझी बायको जानकी चौथी शिकलेली. पत्र आलं की ती दारात बसून मोठ्यानं वाचायची आणि मी डोळे मिटून ऐकायचो. दादा किती प्रेमळ, याचं मला नेहमी कौतुक वाटायचं. आता पाहतो तर काय! ज्या पत्रात 'यंदा आंबे कमी धरले, तरी तुझ्यासाठी पेटी ठेवली होती, वाटेत नासतील म्हणून धाडली नाही' असं मी ऐकलं होतं, त्यात दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आंबे विकले. मुंबईत बसून आंबे खाणाऱ्याचा झाडावर हक्क नाही.'

मी जानकीला जाब विचारला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमका वाचूक इला म्हणान सगळाच वाचूक होया?"

"पण तू मला वीस वर्षं खोटं वाचून दाखवलंस!"

"खरा वाचलंय असतंय, तर भावाशी बोलल्यात असतास?"

"नसतो बोललो."

"मगे?"

पण मी शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाला शोभेल असं मी केलं: दादाशी बोलणं बंद केलं.

असो. सांगत होतो सल्लागारीचं.

निकालानंतर रात्रशाळेतले आमचे भाऊ सर वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आले. अंधेरीतल्या एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीला शिकाऊ उमेदवार हवे होते. विद्यार्थ्यांना प्राधान्य. शेवटी लिहिलं होतं, 'वेगळ्या पार्श्वभूमीच्या उमेदवारांचेही स्वागत.'

"घाडी," भाऊ सर म्हणाले, "तुमच्यापेक्षा वेगळी पार्श्वभूमी त्यांना मुंबईत कुठं मिळणार?"

"सर, व्यवस्थापन सल्लागार म्हणजे करायचं काय?"

"दुसऱ्याच्या धंद्यात जायचं आणि त्याला त्याची चूक सांगायची. तो त्याचे पैसे देतो."

"आणि चूक त्याला आधीच माहीत असली तर?"

"तर जास्त देतो."

मला हे काम एकदम ओळखीचं वाटलं. आमचं आडनाव घाडी. आमच्या गावात देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा परागंदा झाला, की गावकरी नारळ घेऊन येणार, आमचा आजा देवळात उभा राहून त्यांचं म्हणणं देवाला नीट समजावून सांगणार, कुठं काय आडवं आलंय ते एकेक करून मोजणार, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणून होकार भरणार. हे आम्ही सात पिढ्या एका नारळात करत आलो होतो. अंधेरीत त्याला टाय लागतो, एवढाच काय तो फरक.

शिवाय आतली गोष्ट सांगतो. सव्वीस वर्षं मी रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, होतो. कुठलं मशीन दोन दिवसांत दगा देणार ते मला आवाजावरून कळायचं. मला कधी कुणी विचारलं नाही. मी सांगितलं तर कुणी ऐकलं नाही. आणि आता फाटकात बसल्यावर लोक मला एकच विचारत, "वॉचमन, पाणी आलं का?" कुणीतरी मला खुर्चीवर बसवून काहीतरी विचारावं, आणि मी बोलेन ते लिहून घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती. ती वाटते तितकी लहान नव्हती.

अर्ज मागवला. तो आल्याबरोबर आमच्या शेजारचे नाना तो हातात घेऊन खिडकीशी गेले. नाना महानगरपालिकेत आवक-जावक विभागात अठ्ठावीस वर्षं होते, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे ना आवक होती ना जावक. अर्ज पाहून त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"दशरथ, एक लक्षात ठेव. अर्जाला काही महत्त्व नसतं. जोडपत्रांना असतं."

जोडपत्रं पाच होती. वयाचा दाखला पाहिजे. माझा जन्म आमच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे 'पुरात साकव व्हावान गेलो त्या वर्सा' झालेला. रात्रशाळेत नाव घालताना मुख्याध्यापकांनी तो ओढ्यावरचा साकव कधी वाहून गेला असेल याचा अंदाज करून एक जून १९३७ ही तारीख ठरवली होती. ती चालली. पण अर्जात लिहिलं होतं, वय अठरा ते पंचवीस. नाना म्हणाले, "आकडा बारीक लिही." मी इतका बारीक लिहिला की मलाच नंतर दिसेना.

मग चारित्र्याचा दाखला. तो देणाऱ्यानं उमेदवाराला किमान पाच वर्षं व्यक्तिशः ओळखलेलं असावं, अशी अट. मी ज्या इमारतीत वॉचमन होतो, तिथंच दुसऱ्या मजल्यावर एक विशेष कार्यकारी दंडाधिकारी राहत. त्यांचं फाटक मी रोज उघडायचो. रविवारी सकाळी कागद घेऊन गेलो. साहेबांनी पेन उघडलं, मोठ्यानं म्हणत लिहू लागले, "मी यांना गेली पाच वर्षे व्यक्तिशः चांगले ओळखतो..." आणि थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "नाव काय रे तुझं?"

तेही झालं. खरी अडचण पुढं होती. अर्ज मूळचा विद्यार्थ्यांसाठी छापलेला. त्यामुळे शेवटच्या पानावर चौकट: 'पालकाचे नाव, पाल्याशी नाते, सही.'

"नाना, मी पन्नाशीला आलो. मला कुठला पालक?"

"रकाना मोकळा ठेवलास तर अर्ज बाद," नाना म्हणाले. "मी स्वतः अठ्ठावीस वर्षं हेच केलंय. वडील?"

"वारले."

"मोठा भाऊ?"

"बोलत नाही मी त्याच्याशी."

"का?"

"त्याची पत्रं वाचली."

नानांनी पुष्कळ विचार केला. मग म्हणाले, "पत्नी पालक होऊ शकत नाही, असं कुठल्या नियमात लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही."

जानकीनं हात पुसले आणि सही केली. 'पाल्याशी नाते' या रकान्यात नानांनी सुवाच्य अक्षरात 'पत्नी' लिहिलं. मी म्हटलं, "हे बघून हसतील गं लोक."

"हसांदेत," ती म्हणाली. "इतकी वर्सा मी दुसरा काय करतंय?"

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि मी अंधेरीला जाणार ही बातमी चाळीच्या दोन्ही मजल्यांवर पसरली. माझा गिरणीतला जोडीदार लवू परब सकाळी सातला दारात हजर. हातात नारळ.

"गाऱ्हाणा घातल्याशिवाय घाडी भायर पडता काय रे?" तो म्हणाला.

"अरे पण मीच घाडी. मी स्वतःसाठी कसं घालणार?"

"म्हणान मी इलंय. जरा चुकला तर सांभाळून घे."

गॅलरीत दहा-बारा माणसं जमली. लवूनं नारळ उंच धरला आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो दशरथ अंधेरीक सल्लागार होवक चाललो, तेच्या वाटेत जो कोण आडवो येयत, तेका उभो कर. आणि जो उभो आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका इंग्रजीत काय इचारल्यानी, तर तेंचीच जीभ अडखळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इंग्रजीचा उल्लेख टाळता आला असता. पण लवूनं सुरुवात केली की मधे थांबत नाही, आणि गाऱ्हाण्याची रीतच तशी असते. जे जे आडवं आहे ते सगळं नाव घेऊन सांगायचं. एक जरी गाळलं तर ते उलटून घाड्यावर येतं, असं आमचा आजा म्हणायचा. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे.

घाटकोपरला बस बदलून अंधेरीला पोचलो. कचेरी काचेची. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "कुणाचं पार्सल?"

"माझंच," मी म्हटलं, आणि पत्र दाखवलं.

आत टाय लावलेली आठ मुलं बसली होती. माझ्या अर्जावरच्या फोटोतही कोट आणि टाय होता, पण तो फोटो स्टुडिओचा. त्या कोटाला पाठ नव्हती, मागून चिमटे लावलेले होते. आठही जण झाल्यावर मला बोलावलं. समोर कंपनीचे मोठे साहेब नंदकिशोर सबनीस. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि 'कोट कुठं गेला' हा प्रश्न गिळला. मग अर्जाचं शेवटचं पान काढून बराच वेळ पाहत बसले.

"पालक... पत्नी?"

"हो साहेब."

"माझंही तसंच आहे," ते म्हणाले, "फक्त लेखी नाही."

त्यांच्या शेजारी उत्तरा नावाची एक तरुण मॅडम होती, हातात वही. तिनं विचारलं, "काका, मुंबईत एकूण न्हावी किती असतील? बरोबर आकडा नको. तुम्ही विचार कसा करता ते बघायचंय."

"कुठल्या वारी?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सोमवारी विचाराल तर एकही नाही. सुट्टी असते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, वाट लागली. पण सबनीस टेबलावर हात मारून म्हणाले, "सकाळपासून आठ पदवीधरांनी लोकसंख्येला भागून दाखवलं. वार कुणी विचारला नाही!" आणि उत्तरा म्हणाली, "एक मिनिट काका, हे लिहून घेते."

मी बोललो आणि कुणीतरी लिहून घेतलं. त्यानंतर त्यांनी काय काय विचारलं ते मला आठवत नाही. एक महिना शिकाऊ म्हणून घेतो, काम दिसलं तर कायम करू, असं ठरलं. मी वॉचमनच्या नोकरीवरून महिन्याची रजा घेतली आणि स्टुलावर लवूला बसवून आलो.

पहिलंच काम घाटकोपरला, शिवणाच्या दोऱ्याच्या एका कारखान्यात. मालक जयवंतशेठ. त्यांचं म्हणणं असं, की गेले काही महिने वाइंडिंग खात्यात, रिळावर गुंडाळताना, दोरा फार तुटतो, माल परत येतो, आणि दोष तिथल्या चाळीस बायकांचा आहे. आमच्या कंपनीनं याचा अभ्यास करायचा होता. उत्तरा मॅडम मी यायच्या आधीपासूनच रोज हातात स्टॉपवॉच घेऊन एकेका बाईमागं उभी राहायची. बाई किती वेळा वाकली, किती वेळा वळली, पाणी प्यायला किती वेळा गेली. मी तिच्या मागं फळी धरून.

दुसऱ्याच दिवशी मागून हाक आली, "काय रे दशरथ, सायेब झालंस?"

बघतो तर शांताबाई. आमच्या गिरणीतली, मागल्या चाळीत राहणारी. संपानंतर इथं चार वर्षांपासून कामाला होती.

"शिकाऊ आहे," मी म्हटलं.

"काय शिकतंस? आमका घरी कसा धाडूचा, ताच ना?" तिनं तुटलेला दोरा बोटात धरून माझ्या नाकासमोर नाचवला. "माझो हात बघ. चार वर्सांत ह्या हातान सूत तोडल्यान काय कधी?"

मी दोरा हातात घेतला. सव्वीस वर्षांच्या सवयीनं बोटांत फिरवला. पापडासारखा कडक. मग लक्षात आलं, नाकात कोरडं वाटतंय, हवेत कापसाची भुकटी उडतेय. मी वर पाहिलं. सूत कोरडं पडलं की तुटतं, हे गिरणीतल्या पोराटोरालाही ठाऊक असतं, म्हणून छताला पाण्याचे बारीक फवारे असतात, हवा ओलसर ठेवायला. इथंही होते. पण बंद.

"हे कधीपासून बंद?" मी फिटरला विचारलं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "शेठची नवीन केबिन झाली तेव्हापासून. ती बघा, भिंतीपलीकडं. आत तांबडा गालिचा टाकलाय, काश्मीरचा. फवाऱ्याची ओल भिंतीतून तिकडं जायची. गालिच्यावर बुरशी आली. शेठ म्हणाले, बंद करा."

मी उत्तराला सांगितलं. तिनं स्टॉपवॉच थांबवलं. वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काका, मी तीन आठवडे या बायकांचे हात मोजतेय." मग तिनं सगळं वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी आम्ही दोघं सबनीस साहेबांपुढं उभे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उत्तम निरीक्षण," ते म्हणाले. "आता हे गाळा."

"गाळा?"

"घाडी, तुम्ही नवीन आहात. सल्लागाराचं निम्मं काम सांगण्यात असतं आणि निम्मं गाळण्यात. मालकानं आपल्याला बोलावलं ते त्याच्या गालिच्याबद्दल विचारायला नव्हे. अहवाल तयार आहे. वाइंडिंगच्या चाळीस जागा कमी करायच्या, नवीन मशीन आणायचं, आणि दुसऱ्या टप्प्यात आपण सहा महिने देखरेख करायची. शनिवारी शेठपुढं सादर करू. तुम्हाला 'कामगारांच्या भावना' या विषयावर दोन मिनिटं दिलीत. चांगलं बोला. गालिचा नको. सोमवारी तुमचं कायमचं पत्र काढतो. टेबल, खुर्ची सगळं."

मी घरी येऊन जानकीपुढं बसलो. "काय गं, तू वीस वर्षं गाळलंस. मी एकदा गाळलं तर काय बिघडलं?"

ती भाकरी थापत होती. ती तव्यावर टाकून म्हणाली, "मी गाळलंय ता भावाभावांत भांडान होव नये म्हणान. हे गाळतत ते चाळीस बायांका घरी धाडूक. आता तुमी शिकलेले. तुमीच बघा."

खोटं कशाला सांगू? मी गाळायचंच ठरवलं. चाळीस बायकांचं ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर का, असं मी स्वतःला समजावलं. मालक त्यांचा, अहवाल सबनिसांचा, मी आपला शिकाऊ. खुर्ची मात्र माझी होती. रात्रभर मी 'कामगारांच्या भावना' पाठ केल्या. त्या अगदी गुळगुळीत होत्या.

शनिवारी केबिनमध्ये सगळे जमले. पायाखाली तोच गालिचा. जयवंतशेठ मोठ्या खुर्चीत. सबनीस साहेब भिंतीवर यंत्रातून चित्रं पाडून इंग्रजीत समजावत होते. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून शांताबाई आणि दोघीजणी दाराशी उभ्या केल्या होत्या. चौथं चित्र भिंतीवर आलं आणि वीज गेली. पंखा थांबला, चित्र गेलं, अंधारात सबनीस साहेब नुसतेच बोट दाखवत उभे.

"वीज येईपर्यंत," ते घाईनं म्हणाले, "आमचे घाडी कामगारांच्या भावना सांगतील."

मी उभा राहिलो. आणि पाठ केलेलं सगळं विजेबरोबर गेलं. एक शब्द शिल्लक नाही. समोर मोठा माणूस खुर्चीत, चार माणसं गोळा झालेली, दाराशी बायका हात जोडल्यासारख्या उभ्या. अशा वेळी घाड्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाच्या तोंडून काय निघणार?

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दाराशी शांताबाई. तिघींचाही आवाज गिरणीतला.

सबनीस साहेबांनी माझा सदरा मागून ओढला. पण गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की घाडी स्वतःच्या हातात राहत नाही.

"ह्या कारखान्याच्या चार कोनांच्या राखणदारा! आज ही जी काय लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंच्या हातात जा काय सूत तुटता, ता हातान तुटता, नजरेन तुटता, की वरचा पाणी बंद झाला म्हणान तुटता, ता आज हयसर उघड होऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज चार होते. चौथा खुर्चीतून आला. जयवंतशेठ मूळचे वेंगुर्ल्याकडचे. घाटकोपरला तीन मजली घर झालं, गालिचा काश्मीरहून आला, पण कानाला लहानपणापासून लागलेलं वळण जातं कुठं! वाक्य 'म्हाराजा'वर टेकलं की होकार आपोआप बाहेर येतो. त्यांनी हातसुद्धा जोडले होते.

आता मात्र माझ्या अंगात आजा उतरला. जे आडवं आहे ते गाळायचं नाही.

"ज्या कोणाच्या पायाखाली तांबडो गालिचो आसात, आणि तेच्यार बुरशी इली म्हणान फवारे बंद पडले आसतीत, तेका सुबुद्धी दी! गालिचो गुंडाळ, पाणी सोड, आणि चाळीस बायांची चूल पेटती ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज शेठचा.

आणि वीज आली. भिंतीवर सबनीस साहेबांचं चौथं चित्र उमटलं. मोठ्या अक्षरात: 'मूळ समस्या: कामगारांची मानसिकता.' कुणीही तिकडं पाहत नव्हतं. सगळे खाली गालिच्याकडे पाहत होते. शेठही. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. ते हळूच सोडवत, त्या केबिनमध्ये बहुधा पहिल्यांदाच ते मालवणीत बोलले.

"आता व्हय म्हटलंय... तर करूक होया."

बाहेर आल्यावर सबनीस साहेब म्हणाले, "घाडी, तुम्ही काय केलंत कळतंय का? सहा महिन्यांचं काम दोन मिनिटांत संपवलंत." हे कौतुक आहे असं मला क्षणभर वाटलं. उत्तरा मॅडमनं खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी नळावर शांताबाई भेटली. फवारे सुरू झाले, दोरा तुटायचा थांबला, चाळीसही जणी कामावर. गालिचा शेठच्या घरी गेला. "आणि तुझी खुर्ची?" तिनं विचारलं.

"पत्र यायचंय," मी म्हटलं.

पत्र आलं ते पुढच्या मंगळवारी. मी हात पुढं केला तर पोस्टमन म्हणाला, "तुमचं नाही." पाकिटावर लिहिलं होतं: 'श्रीमती जानकी दशरथ घाडी (पालक).' नानांनी सुवाच्य अक्षरात भरलेला रकाना कचेरीतल्या कुणीतरी मनावर घेतला होता. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडू नये, हे मी नागरिकशास्त्रात शिकलो होतो. पाकीट जानकीला दिलं.

ती पूर्वीसारखी दारात बसली. मी आत, भिंतीला टेकून. कागद तिनं उजेडाकडे धरला तेव्हा मागून मला अक्षरांच्या सावल्या दिसल्या. चार ओळी होत्या. खाली सही.

जानकी वाचू लागली. "'आपलो पाल्य लय हुशार. तेच्याएवढो हुशार माणूस आमच्या कंपनीत आजपातूर इलो नाय.'"

"असं लिहिलंय?"

"मधे बोला नको. 'तेचा काम बघून मालक खूश झालो. बायाय खूश. पण आमच्या कंपनीत पोरा लहान, तेंका अजून शिकूचा आसा. तेंच्याबरोबर बसान तेचो येळ फुकट जायत. आणि ह्या वयात रोज अंधेरीपर्यंत जाणा तेच्या कंबरेक बरा नाय.'"

"माझ्या कंबरेचं त्यांना कसं कळलं?"

"सल्लागार ते," जानकी म्हणाली. "तेंका कळता."

चार ओळी वाचायला तिला पाव तास लागला. शेवटी तिथल्या खुर्च्यांचे पायही फारसे मजबूत नाहीत, असं काहीसं होतं. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली आणि ट्रंकेत, दादाच्या पत्रांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिला.

त्या ट्रंकेला कुलूप नाही. मला वाचता येतं, तसा सरकारी दाखला आहे. पण तो कागद मी आजतागायत उघडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी लवूला स्टुलावरून उठवलं आणि फाटकात बसलो. दुसऱ्या मजल्यावरच्या दंडाधिकारी साहेबांनी गाडीची काच खाली करून विचारलं, "पाणी आलं का रे?" मी म्हटलं, "दहाला येईल." त्यांनी काही लिहून घेतलं नाही. दुपारी समोरच्या पोस्टातून एक कार्ड आणलं, गुडघ्यावर ठेवलं, आणि सात वर्षांनी दादाला पत्र लिहिलं. सगळे खुशाल आहोत म्हणून लिहिलं. दहावी पास झालो म्हणून लिहिलं. घाड्याचा मुलगा अंधेरीपर्यंत गाऱ्हाणं घालून आला, तेही लिहिलं.

आंब्यांचा विषय गाळला.